एक थर खाली

दुकानातून आलं तेव्हा हे घर बव्हेरियाचं होतं.
डब्यावर तसं चित्रच होतं, खिडक्यांत लाल फुलं,
छपराला बर्फ घसरेल असा उतार.
मी करवतीनं त्याचा माथा उतरवला,
धुराडं उजवीकडून डावीकडे नेलं,
कुंड्या नखानं उडवल्या
आणि स्कारबेक स्टेशनचं मालगुदाम म्हणून
टेबलावर, रुळांच्या कडेला, उभं केलं.
घर काही बोललं नाही.
दगडांना देश मागाहून चिकटतो.

दगड करडा नसतो,
हे कळायला मला तीन भिंती लागल्या.
आधी सगळ्यावर एक फिकट, ताकासारखा हात.
मग एकेक चिरा वेगळा:
हा ओल्या मेंढीचा, हा कपाच्या तळाशी राहिलेल्या चहाचा,
हा पावाच्या कडेचा,
हा नुसताच कंटाळलेला.
दोन सारखे शेजारी आले की भिंत खोटं बोलते.
त्यावर पातळ काळं पाणी सोडायचं.
ते आपणहून सांध्यांत जाऊन बसतं,
त्याला जागा दाखवावी लागत नाही.
शेवटी कोरडा ब्रश, जवळजवळ रिकामा,
कडांवरून फिरवायचा,
तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
इंजिनाच्या अंगाला काजळी हवी. खडूची पूड, बोटानं.

टॅम्सिन म्हणते, आजोबा, ते गुदाम तर पिवळं आहे.
बरोबर आहे तिचं.
धुऊन काढलंय त्याला, यंत्रानं.
आता तिथं लोक शनिवार-रविवार राहायला येतात,
अंगणात गरम पाण्याचा टब आहे.
माझ्या टेबलावर मात्र अठ्ठावन साल आहे,
मंगळवार आहे,
आणि कोळसा स्वस्त.

पश्चिमेच्या भिंतीत, दारापासून चौथा,
एक चिरा लाल.
तो माझ्या बापानं बसवला.
भिंत दुरुस्तीला काढलेली, दगड कमी पडला, दिवस कलत आलेला,
कार्लाइलकडून आलेल्या वॅगनमध्ये
कुणाचा तरी एक लाल तुकडा होता.
त्यानं विचारलं नाही.
स्टेशनमास्तरनं मजुरीतून अर्धा क्राउन कापला.
बाप म्हणाला, भिंत उभी आहे ना?
त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये भरलं.
परीक्षकानं भिंग लावून पाहिलं:
सहाव्या थरात एक दगड चुकलाय, मिस्टर अल्डरसन.
दोन गुण गेले.
मी म्हटलं, बरं.

मग हेस्टर रॉदरी आली, चाकाच्या काठीवर.
लढाईच्या वर्षांत ती तिथं हमाल होती,
पुरुषांच्या पँटमध्ये, दुधाचे कॅन उचलायची.
बराच वेळ वाकून राहिली.
बोट जवळ नेलं, टेकवलं नाही.
लाल दगड, म्हणाली,
एक थर खाली होता.
मी सिगरेटची काडी त्यावर ओढायची.
माझ्या हाताला ठाऊक आहे तो कुठं होता.

आणि मी तो पाहिलेला बापाच्या खांद्यावरून.
खांद्यावरून थर कसे मोजणार?

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
इथं रेघ ओल्या बोळ्यानं पुसते.
रात्री दिवा खाली ओढून बसलो.
खालचा लाल केला, एका दमात झाला.
वरचा करडा होईना.
एक हात दिला, दुसरा दिला,
तिसऱ्यानंतरही तो आतून दिसतोच,
चूक कबूल न करणाऱ्या माणसाचे
कान दिसतात तसा.

सकाळी टॅम्सिनला विचारलं, कुठला खरा वाटतो?
टोस्ट खात खात तिनं दोन्ही पाहिले.
काडी ओढून बघा, म्हणाली.

घरात काडेपेटी नाही.
उद्या आणतो.