रिलीज

मे महिन्यात, मोदी नंबर तीनमध्ये
'कॉम्प्रेसर दुरुस्त करून मिळेल' अशी पाटी लावली,
ही माझीच चूक.
लोक जिन्यावरून फ्रिज चढवतात.
एकाने एसीचं धूड आणलं, दोन पोरांच्या खांद्यावर.
म्हटलं, बावा, इथे आवाजाचे कॉम्प्रेसर.
तो म्हणाला, हाव ना, आवाजच करून राहिला लय.

हा मात्र खरोखर आवाजाचा.
अठरा किलो, राखाडी, कपाळावर एक काटा,
धरमपेठेतल्या पोराने भंगारातून उचललेला.
काम सांगायला सोपं:
ओरडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा
आणि तो कधी काढून घ्यायचा ते ठरवायचं.
या काढून घेण्याला रिलीज म्हणतात.
हात झटकन काढला
तर दोन शब्दांमधलं सगळं वर येतं,
खुर्चीची करकर, कागद,
घशातली बारीक शिट्टी.

झाकणाचे सहा स्क्रू, एक गंजलेला.
आत पत्र्यावर पेन्सिलीने:
'रिलीज सहाच्या खाली आणू नये.
पिंपळापुरे बाईंना दम आहे.
गो. ना. लांजेवार, १४/११/७८.'

पिंपळापुरे बाई.
संध्याकाळचे बाजारभाव.
इतवारीत जवस, तूर, संत्रा शेकडा.
बाबा मिलची पाळी संपवून आलेले,
चहा बशीत, बशी हवेतच.
मला वाटायचं, या बाई श्वास घेतच नाहीत.
एकदा त्यांच्यासोबत मीही दम धरला,
हरभऱ्यापर्यंत पोचलो,
डोळ्यांपुढे काजवे,
पाठीत धपाटा.

बाईंना हे ठाऊक होतं का, कोण जाणे.
लांजेवारांनी सांगितलं नसावं.
स्क्रू पिळले असतील,
डबा उचलून घरी गेले असतील सायकलवर.

फुगलेले कपॅसिटर बदलले, एक व्हॉल्व बदलला.
चार वाजता लाइन गेली.
कूलर थांबला, वाळ्याचा वास तेवढा राहिला.
व्हॉल्व निवताना टिक्‌टिक् करत होते
आणि मधल्या जागेत
माझंच नाक वाजत होतं.

पोरगा आला. काका, रिलीज एकदम फास्ट पाहिजे,
ड्रम उडाले पाहिजेत.
मी बटण सहावरून एकवर आणलं.
उडाले. मस्त उडाले.
त्याचे पैसे, त्याचे ड्रम.
पेन्सिलीचं मी पुसलं नाही,
गंजक्या स्क्रूच्या जागी फक्त नवा बसवला.

अठरा किलो छातीशी धरून तो उतरला
अन् पहिल्याच वळणावर भिंतीला टेकला, धापा टाकत.
मी वरून वाकून म्हटलं,
थांब बावा.
दम घे.