उलटी टेकडी

मॅव्हिसने दुर्बीण दिली ती पोत्यात घालून,
मांजरीची पिल्लं द्यावीत तशी.
मोठी नळी धड. आरसा जरा धुरकट, पण धड.
फक्त वरची छोटी नळी, फाइंडर,
मानेपाशी मोडलेली.
"सिरिल पडला तेव्हा तीही पडली," मॅव्हिस म्हणाली
आणि केटल लावायला आत गेली.

टॉडमॉर्डनला आकाश मोजूनच मिळतं:
दोन डोंगरांमधली एक पट्टी,
तिच्यावरही बहुतेक रात्री ओली गोधडी.
पट्टी उघडली की मी मोठ्या नळीतूनच शनी शोधायचे.
धुराडं. काळोख. कुणाच्या तरी बाथरूमचा दिवा. काळोख.
आत्या म्हणायची, हिला साडेसाती आहे,
शनी शोधत येईल.
आता मीच निघाले होते, तर त्याचा पत्ता नाही.

शेवटी फाइंडर ओट्यावर घेतला,
मिसळणाच्या डब्याशेजारी.
मान गोंदाने सांधली, रात्रभर कपड्यांच्या चिमट्यात धरली.
तीन स्क्रूंतला एक गायब;
चष्म्याचा लहान पडला, शिलाई मशिनचा बसला.
रबरी रिंग कुकरच्या जुन्या गॅस्केटमधून कापली,
तिला अजून वरणाचा वास आहे.
राहिली आतली फुली.
शिवणाचा दोरा लावून पाहिला:
डोळा लावताच विहिरीचा दोर!
स्वतःचा केस उपटला, तो पांढरा निघाला.
मॅव्हिस हसली, शेडमध्ये गेली,
काडीला गुंडाळून कोळ्याचा धागा घेऊन आली.
"सिरिल हाच वापरायचा. कोळी तोच नसेल."
श्वास रोखून आम्ही दोघींनी तो ताणला,
एकदा उभा, एकदा आडवा.
मध्येच मला शिंक आली. पुन्हा शेड.

मी हॅलिफॅक्सला डायलिसिसवर आहे.
नव्या मुलींना रोज सांगते,
सुईला काही दिसत नसतं गं,
आधी बोट ठेव.
बोटाखाली शीर थरथरली की मग सुई.
हे घरी आठवायला
मला दोन महिने लागले.

रविवारी दिवसाढवळ्या जुळवणी.
स्टूडली पाइकचं टोक मोठ्या नळीत धरलं,
मग फाइंडरचे स्क्रू, पाव पाव आटा,
हा सैल, तो घट्ट.
फायंडरमध्ये टेकडी छताला टांगलेली,
मेंढ्या पाय वर करून आभाळात चरतायत.
फुली त्यांच्यावरून सरकली,
दगडी कुंपणावरून, एका लाल अनोरॅकवरून,
आणि टोकावर जाऊन टेकली.
दोन नळ्यांचं एकदाचं एकमत.

मंगळवारी गोधडी फाटली.
फुलीवर पिवळट ठिपका घेतला, खाली वाकले,
आणि तो होता, कड्यासकट,
कानातून काढून ठेवलेल्या बुगडीएवढा.
याच्यावर आत्याने दर शनिवारी तेल ओतलं.
तेवढ्या पैशांत एक बरं भिंग आलं असतं.

मॅव्हिसला हाक मारली.
नाइटगाउनवर सिरिलचा कोट चढवून ती आली,
वाकली, बराच वेळ वाकलेलीच.
"पृथ्वी फिरते ना," मी म्हटलं, "तो निसटतो.
नळी मधूनमधून थोडी..."
"माहितीये," ती म्हणाली,
आणि डोळा न काढता
अंगठ्याने नळी सरकवली,
हवी तेवढीच.