खालून वर

येलदरीच्या धरणावर, विश्रामगृहामागच्या शेडमध्ये
गाळ मोजायची बोट ट्रॉलीवर चढवलेली.
मागं तिचा पाय लोंबतोय.
आम्ही त्याला पायच म्हणतो,
कंपनीच्या पुस्तकातलं नाव साहेब लोकांच्या तोंडी शोभतं.

सील नवे बसवले. रबरी भाता नवा.
रात्रभर आत हवा कोंडून ठेवली,
सकाळी बॅटरी मारून पाहिलं, काटा हलला नव्हता.
आता राहिलं फक्त तेल.

पौषातली थंडी. तेल काकवीसारखं आळलेलं.
हबीब मिस्त्रींनी डबे गरम पाण्याच्या बादलीत उभे केले,
लेकरं न्हायला घालावीत तसे,
आणि म्हणाले, मुंजाजी, ट्रॅक्टर विसर.
इथं वरून ओतायचं नाही.
वरून ओतलं की हवा खाली दडून बसते,
आणि दडलेली हवा
भरलेल्यासारखीच दिसते.

वरचं भोक उघडं.
खालच्या भोकात पंपाची नळी पिळून बसवली.
दाब. सोड. दाब.
काळोखात, दातेरी चाकांच्या मधून,
तेल जिना चढावं तसं वर निघालं.

परवा हाच खालचा बोल्ट काढला
तर तेल नाही, चहा आला.
दुधाळ, कोमट नसलेला, टपरीवरचा चहा.
बोल्टच्या चुंबकाला लोखंडाची बारीक लव.
कऱ्हाळे मॅडम वाकून म्हणाल्या, सील गेलं असणार, नाही का?
मी मान हलवली.
मिस्त्री चिंधीनं बोल्ट पुसत राहिले.

गेल्या साली तो बोल्ट मीच आवळला होता.
वॉशर जुनाच.
बारा रुपयांचा नवा आणायला जिंतूरला जावं लागलं असतं
आणि दुपारची एसटी नुकतीच गेली होती.
नोंदवहीत मात्र लिहिलं: वॉशर बदलले.
खाली सही, मुं. ल. घुगे, वळणदार.
मग धरणभर पाणी
त्या बारा रुपयांच्या फटीशी
वर्षभर बसून राहिलं.
दिवाळीनंतर बोट मधोमध अडली.
सटवाजी भोयानं दोन होड्या जुंपून ओढून आणली,
काठाला लागेस्तोवर दिवे लागले होते,
आणि मोजायचा गाळ राहिला तिथंच.

दाब. सोड.
पहिला डबा संपला. दुसरा अर्धा.
वरच्या भोकातून आधी नुसता उसासा,
मग फेस,
मग बुडबुडे, एक, थांबून एक.
माझा हात पंपावरून सुटायला लागला.
मिस्त्री कान लावून बसलेले.
बोलने दे उसको, म्हणाले.
अभी उसका बोलना हुआ नै.

मग तेल आलं. नुसतं तेल.
ताणून धरलेल्या निळ्या दोऱ्यासारखं, आवाज न करता.

आधी वरचा बोल्ट लाव, मग नळी काढ.
पपईच्या देठाचं वरचं तोंड अंगठ्यानं दाबलं
की आतलं पाणी खाली पडत नाही,
लहानपणी केलंस ना, तसंच हे.
माझा हात पुढं झाला, पालथा नाही, उघडा.
त्यांनी तळव्यावर नवा वॉशर ठेवला.
मग दुसरा.
मग स्वतःच्या खिशातून तिसरा काढला,
चपटा झालेला, कड गेलेला, ओळखीचा,
आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला,
त्याच खिळ्याला जिथं नोंदवही टांगलेली असते.
बोलले काहीच नाहीत.
तंबाखू चोळत बाहेर उन्हाला गेले.

नळी काढली. चार थेंब सांडले. बोल्ट बसला.
वही उघडून गेल्या सालच्या ओळीखाली
तीच ओळ लिहिली: वॉशर बदलले.
अक्षर जरा मोठं आलं.

तासभर तसंच ठेवायचं असतं.
तासाभरानं वरचा बोल्ट पुन्हा सैल केला.

एक बुडबुडा अजून होता.