करंगळी

ओउतीच्या हातांवर आम्ही बावन्न ठिपके चिकटवले,
पांढरे, साबुदाण्याएवढे,
आणि तीन दिवस तिनं अंधाऱ्या खोलीत
कुओपिओ स्टेशनच्या सगळ्या गाड्या हातांनी बोलून दाखवल्या:
फलाट दोन. गाडी रद्द. दारापासून लांब उभे राहा.
ठिपके आले कॉम्प्युटरवर,
ओउती गेली घरी.

मग हाडं घालायचं काम माझ्याकडे.
हाडांवर कातडी, कातडीवर निळा कोट.
चेहरा समितीनं ठरवलेला:
कुणाचाच नाही, म्हणून कुणाची तक्रार नाही.
उजवी करंगळी मधल्या पेरातून बाहेर झुकत होती.
मला वाटलं, ठिपका सरकला असेल.
सरळ केली.
चौदा अंश, एवढंसंच तर.
माझ्या स्वतःच्या पडद्यावरच्या बाहुल्याला
मी केस दिलेत, वीस वर्षांपूर्वीचे;
दुरुस्तीची सवय जुनी.

मार्चमध्ये पत्र आलं. कागदावर, पेननं.
हिल्क्का तुओविनेन, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मापासून बहिरी.

फलाटावरच्या काचेत जी बाई बोलते
ती माझ्या मुलीच्या हातांनी बोलते.
‘उशीर’ म्हणताना मनगट जरा जास्तच वळतं, ते माझं.
तिनं माझ्याकडून उचललं.
पण करंगळी कुणाची?
मुलीची सातव्या वर्षी गाडीच्या दारात सापडली होती.
दार मीच लावलं होतं.
ती ओरडली असणार.
मागच्या आरशात तिचं उघडं तोंड दिसलं, तेव्हा मला कळलं.
तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव म्हणजे
ती वाकडी करंगळी, गालाला टेकवलेली.
तुमच्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नाही,
हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

साहेब म्हणाले, नोंद कर आणि बंद कर.
नोंद केली. बंद केली.
सरळ बोटानं तूप निघत नाही, एवढंच ऐकून होतो;
मुलगीही निघत नाही.
रात्री एका शब्दात,
फक्त ‘उशीर’ या शब्दात,
ते चौदा अंश परत ठेवले.
कुणाला बोललो नाही.

ओउती आता पर्थला असते.
व्हिडिओवर भेटते आईला,
पण एका हातात फोन धरावा लागतो,
म्हणजे वाक्यं अर्धीच पोचतात,
आणि तीही त्या बाजूच्या उन्हात पांढरी होऊन.

जानेवारी. उणे सत्तावीस.
रुळांचे सांधे गोठलेले.
हेलसिंकीची गाडी सव्वीस मिनिटं, मग चाळीस,
मग नक्की सांगता येत नाही.
लोक पाय आपटत होते,
एक पोरगा घड्याळाला शिव्या देत होता,
आणि काचेसमोरच्या बाकावर लाल टोपीतली म्हातारी
थर्मास उघडून, ऐसपैस,
जणू हे सगळं तिच्याचसाठी चाललंय.
सामान नव्हतं. तिकीटही नसावं.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो.
कोण ते सांगितलं नाही; तिची भाषा मला
तेवढीच येते, जेवढी मी दुरुस्त केली.

काचेतली बाई म्हणाली: उशीर.
हिल्क्कानं हातमोजा काढला, त्या थंडीत,
आणि स्वतःची सरळ, सुरकुतलेली करंगळी
वाकवून काचेला दाखवली:

अजून थोडी. अशी.