हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात अण्णा
इस्त्रीचा सदरा घालून खडकी बाजारात जायचे,
आपण जिवंत आहोत हे बँकेला सांगायला.
मी रिक्षात शेजारी, मांडीवर फाइल,
फाइलला बुटाच्या नाडीची गाठ.

शेवटची चार वर्षं यंत्राला ते पटेना.
अंगठा ठेवला की लाल दिवा.
पुसून, फुंकर मारून पुन्हा ठेवला, लाल दिवा.
"बाबा, रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या,"
काउंटरवरची पोरगी ओशाळून म्हणाली.
अण्णांनी हात उलटसुलट करून पाहिला.
"असतील कुठं कुठं लागलेल्या."

परतीच्या रिक्षात मी मनातल्या मनात हुडकत बसले.
पुलाच्या लोखंडी पिना.
दापोडीच्या वर्कशॉपात एसटीचे नटबोल्ट,
पेन्शनीत भागेना म्हणून काढलेली सतरा वर्षं.
धाकट्याच्या वेळी आई वर्षभर अंथरुणाला खिळली
तेव्हा माझ्या दोन वेण्या, अशा करकचून
की शाळेत दिवसभर माझ्या भुवया वर.
आईची लुगडी तेच पिळायचे, तेच वाळत घालायचे.
बोपोडीच्या चाळीत हसायचे लोक.
"सुभेदार, झेंडा नीट लावा," खालून कुणी ओरडलं एकदा.
अण्णांनी काठाला काठ जुळवला, चिमटे लावले
आणि त्याला चहाला वर बोलावलं.

लढाईचं विचारलं तर हाती काही लागायचं नाही.
नातवंडं फारच मागं लागली की पूल सांगायचे:
किती फूट, किती पिना,
एक पॅनेल उचलायला सहा माणसं,
अंधारात, विडी न पेटवता.
पदकं गव्हाच्या कोठीत,
बोरिक पावडरीच्या पुडीशेजारी.

फक्त रात्री कडी घालण्याआधी
उंबऱ्याबाहेर वाकून चपला मोजायचे.
सात जोड. मग कडी.
थोरला न सांगता शेवटच्या खेळाला गेला
त्या रात्री सहाच भरले.
अण्णा दीड वाजेपर्यंत पायरीवर.
तो आला, तर रागावले नाहीत;
त्याची चप्पल रांगेत सरळ केली, एवढंच.

का, ते नव्वदीनंतर एका रात्री निघालं,
कवळी वाटीत काढून ठेवल्यावर, बोळक्या तोंडानं:
"वीस जण गेलो होतो. पूल पुरा झाला.
पोरं मोजली. एकोणीस.
परत मोजली.
मल्हारी कधी गेला,
पाण्याचा आवाजसुद्धा नाही आला गं."
मग भिंतीकडे वळले.
सकाळी मी विषय काढला तर म्हणाले,
दूध उतू जातंय बघ.

यंदा सप्टेंबरात गेले, त्र्याण्णव पुरी करून.
युनिटातून दोन पोरं पुष्पचक्र घेऊन आली,
कोवळी, नवे बूट चावत असावेत.
त्यांची नावं विचारायची राहूनच गेलं.
अण्णांनी विचारली असती, गावासकट, बापासकट.

नोव्हेंबरात मी दुसरा दाखला घेऊन गेले.
तीच पोरगी. कागद तिनं दोनदा वाचला.
"रखमाजी गेनबा टिळेकर. म्हणजे
अंगठा न लागणारे बाबा?"
मग हळूच, "आजींना आणावं लागेल हो."

आईला नेलं. अठ्ठ्याऐंशीची, खुर्चीसकट उचलून दोन पायऱ्या.
पहिल्याच खेपेला हिरवा दिवा.
"झालं?" आई म्हणाली. "एवढंच?
मग त्यांचा का लागत नव्हता?"
पोरगी माझ्याकडे पाहू लागली, मी फाइलकडे.
नाडीची गाठ अजून त्यांचीच होती,
मला तशी मारता येत नाही,
म्हणून कागद वरच्या वरच खुपसले.

रात्री कडीला हात लावला
तर पलंगावरून आई:
"मोजल्यास?"
हो म्हणाले.
किती, ते तिनं विचारलं नाही.