गर्क

मुलाणी मास्तरांनी पाटीवर उजवीकडून
तीन अक्षरं काढली : गैन, रे, काफ.
म्हणाले, अरबीत याचा अर्थ बुडणं.
बुडून मरणंसुद्धा.

मी हसले. आई रोज म्हणायची,
"हाक नगं मारूस, त्ये गर्क हाईत."
दादा चपलेची वेणी घालत असायचे,
ओठांत वादी, मांडीशी रापी.

मग ते साल आठवलं.
पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरलेली,
पाणी उंबऱ्यावर,
आणि दादा अजून एक कान शिवत होते.
रावजी चौगल्यानं बखोटीला धरून उठवलं.

मेलेलं कातडं बाभळीच्या सालीत
महिनाभर बुडवतात,
तेव्हा कुठं ते पायात करकर बोलतं.

मास्तरांनी पाटी पुसायला
ओलं फडकं मागितलं.
मी अजून दिलेलं नाही.