खळं

शापेकोत पहाटे धुकं उतरतं ते आधी कारखान्याच्या चिमणीवर,
मग बसथांब्यावर.
रात्रपाळीची प्रयोगशाळा तेवढी जागी.
इव्होनेत झानेला इन्क्युबेटरचं दार उघडते
आणि आतली ऊब तिच्या चष्म्यावर बसते.

हातात काचेची बशी.
दुधावर साय धरावी तशी बशीभर वाढ,
वर बारा पांढऱ्या टिकल्या, प्रत्येकीत एकेक औषध.
औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जागा मोकळी होते,
गोल, नितळ,
चंद्राला पडतं तसं खळं.

आज मोजपट्टी ठेवायला जागाच नाही.
साय थेट टिकलीच्या कडेला टेकलेली,
दार वाजवून, घरात कुणी नाही असं पाहून
पायरीवरच बसल्यासारखी.
अशा अकरा.
बारावीभोवती मात्र खळं. बारीक. पण आहे.

नमुना : कोंबडीचं सॉसेज.
जिवाणूचं नाव एका जर्मन शहराचं.
तिने ते शहर पाहिलेलं नाही, यानेही नसेल;
हा इथलाच, आर्लिंदोच्या शेडमध्ये वाढलेला,
जिथे पिल्लांना शिंक यायच्या आधीच
पाण्यातून औषध जातं.
‘काळजी म्हणून,’ आर्लिंदो म्हणतो, आणि ते खोटंही नसतं :
मेलेल्या पिल्लाचे पैसे कंपनी त्याच्याच बिलातून कापते.
थोडं थोडं औषध, रोज.
मारण्यापुरतं नाही.
शिकवण्यापुरतं.

ती रकान्यात अकरा वेळा तेच अक्षर लिहिते, सही करते,
बशी कुलपात जाते.
इथलं इथेच ठेवायचं, असं करारात आहे.

आठ वाजता तिची दुसरी नोकरी सुरू होते,
नगरपालिकेच्या दवाखान्यात.
कॉफी अर्धीच राहते,
कारण पहिल्याच बशीत
तीच साय, त्याच अकरा पायऱ्या.
रात्रीची बशी इथे नाही,
पण ती अकरा नावं तिला पाढ्यासारखी पाठ आहेत.

नमुना : रक्त. मिर्लांद, वय चार, तापाचा नववा दिवस.

बाप बाकावर बसलाय. दियूसेल, हाइतीचा,
कारखान्यात जिवंत कोंबड्या आकड्याला टांगतो.
महिनाअखेर कामगारांना अर्ध्या किमतीत पाकीट मिळतं.
‘आच मोठी ठेवायला हवी होती,’ तो मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणतो,
‘तिला भूक लागली होती, मी घाई केली.’
नऊ दिवस तो स्वतःवरच खटला चालवतोय.

‘पाकीट फेकलंत?’
‘नाही. त्यात खिळे ठेवलेत.’
‘खिळे काढा. पाकीट मला आणून द्या. त्यावरचा नंबर पुसू नका.’
स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटतो.

बारावं औषध गावात नाही.
फ्लोरियानोपोलिसहून रात्रीच्या बसने येईल,
ड्रायव्हरच्या पायाशी, बर्फाच्या डब्यात.
तोवर काय, हे तो विचारत नाही.
म्हणून ती नियम मोडते,
झाकण न उघडता बशी खिडकीच्या उजेडात धरते
आणि बोट दाखवते : ‘हे बघा. इथे ते नाहीत.’

तो वाकतो.
त्याच्या मनगटावर कोंबड्यांच्या नख्यांचे ओरखडे,
काही ओले, काही जुने.
बराच वेळ तो त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहतो,
मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून
हवेतच त्याचं माप घेतो.

‘एवढीच जागा?’